टॉवरविना संभाषण : वाय-फाय कॉलिंगचे तंत्र, नियमन आणि वापर

मोबाइल दूरध्वनीच्या प्रसारामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांत संपर्काची सोय झाली आहे. तथापि, टॉवरचा सिग्नल इमारतीच्या आतील खोलीपर्यंत, रुग्णालयाच्या तळघरातील तपासणी विभागापर्यंत किंवा डोंगराच्या आडोशाला वसलेल्या वस्तीपर्यंत पोहोचतोच असे नाही. दुसरीकडे, बँकेच्या व्यवहारासाठीचा ओटीपी, मुलाखतीचे बोलावणे, शासकीय योजनेची सूचना आणि रुग्णवाहिकेसाठी करावयाचा कॉल या साऱ्या गोष्टी आज एकाच दहा अंकी क्रमांकावर विसंबून आहेत. त्या क्रमांकाला ‘रेंज’ नसणे ही केवळ गैरसोय राहिलेली नसून, नागरिक सेवांपासून वंचित राहण्याचे ते एक कारण ठरू लागले आहे. या पार्श्वभूमीवर ‘वाय-फाय कॉलिंग’ या सुविधेकडे पाहिले पाहिजे. टॉवर नसला तरी ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी नेहमीच्याच क्रमांकावरून बोलता येणे, हे या सुविधेचे सार होय.

संकल्पना

वाय-फाय कॉलिंग म्हणजे मोबाइल सेवा पुरवठादाराचा कॉल टॉवरऐवजी वाय-फाय व इंटरनेटमार्गे नेण्याची व्यवस्था. तांत्रिक परिभाषेत तिला ‘व्हॉइस ओव्हर वाय-फाय’ म्हणजेच ‘व्होवायफाय’ असे म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या उपयोजनांवरून केलेल्या कॉलशी तिची अनेकदा गल्लत केली जाते. उपयोजनाद्वारे बोलताना दोन्ही बाजूंना तेच उपयोजन आणि इंटरनेट असावे लागते व तो कॉल दूरध्वनीच्या जाळ्यात शिरत नाही. वाय-फाय कॉलिंगमध्ये मात्र फोनमधील नेहमीच्या डायलरवरून, नेहमीच्याच क्रमांकाने, कोणत्याही लँडलाइन वा मोबाइलवर कॉल करता येतो. पलीकडच्या व्यक्तीकडे वाय-फाय किंवा स्मार्टफोन असण्याचीही आवश्यकता नसते.

‘व्होल्टी’ म्हणजे ‘व्हॉइस ओव्हर एलटीई’ हे या सुविधेचे जवळचे भावंड होय. व्होल्टीमध्ये आवाज डेटाच्या रूपाने ४जी टॉवरमार्गे जातो, तर व्होवायफायमध्ये तोच डेटा घरातील राउटरमार्गे जातो. दोन्हींच्या मुळाशी सेवा पुरवठादाराची ‘आयपी मल्टिमीडिया सबसिस्टिम’ ही एकच यंत्रणा असते. ज्या कंपनीची व्होल्टी सेवा उभी आहे, तिला वाय-फाय कॉलिंग सुरू करणे त्यामुळेच तुलनेने सोपे जाते.

सिग्नल भिंतीपाशी का अडतो?

रेडिओ लहरींची वारंवारिता जितकी अधिक, तितकी भिंती भेदण्याची त्यांची क्षमता सामान्यतः कमी असते. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी इमारतीत बऱ्यापैकी शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र जाड काँक्रीट, लोखंडी सळ्या, पत्र्याचे छप्पर आणि धातूचा लेप दिलेली काच यांच्यापुढे लवकर क्षीण होतात. डेटाची वाढती मागणी भागविण्यासाठी अधिक वारंवारितेच्या पट्ट्यांचा वापर वाढत गेला आणि इमारतींच्या आतील संपर्काचा प्रश्नही त्याबरोबर तीव्र झाला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, ऑक्टोबर २०२४ मध्ये मालमत्तांचे डिजिटल जोडणीच्या दर्जानुसार मानांकन करणारे विनियम अधिसूचित केले, त्यामागे हीच समस्या होती.

वाय-फायचा राउटर मात्र भिंतीच्या आतच असतो. शिवाय वाय-फायसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींना परवान्याची गरज नसते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये, तर ५ गिगाहर्ट्झमधील विस्तृत पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. घरोघरी, कार्यालयांत व वसतिगृहांत आधीच उभे असलेले हे छोटे केंद्र मोबाइल जाळ्याचे शेवटचे टोक म्हणून वापरणे, ही या तंत्रामागील मूळ कल्पना आहे.

कार्यपद्धती

इंटरनेट हे सर्वांसाठी खुले जाळे असल्याने, त्यावरून आलेला कॉल खरोखर त्याच ग्राहकाचा आहे याची खात्री कशी करावयाची, हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर सिम कार्डात आहे. वाय-फायशी जोडणी होताच फोन इंटरनेटवरून आपल्या सेवा पुरवठादाराचे ‘ईपीडीजी’ नावाचे प्रवेशद्वार शोधतो. तेथे सिममधील गुप्त किल्लीच्या आधारे परस्परांची ओळख पटविली जाते. त्यानंतर फोन आणि प्रवेशद्वार यांच्यात ‘आयपीसेक’ या पद्धतीने एक कूटबद्ध बोगदा तयार होतो. या बोगद्यातून फोनची नोंदणी कंपनीच्या मल्टिमीडिया यंत्रणेत होते आणि पुढील सारे कॉल त्याच मार्गाने जातात. राउटरचा मालक किंवा इंटरनेट पुरवठादार कोणीही असो, त्यांना बोगद्यातील संभाषण ऐकता येत नाही.

बोलता बोलता वापरकर्ता घराबाहेर पडला, तर कॉल न तुटता टॉवरवर जाऊ शकतो. फोनला मिळालेला जाळ्यातील पत्ता कंपनीच्या मुख्य केंद्रातच कायम ठेवला जातो आणि केवळ तेथपर्यंत पोहोचण्याचा मार्ग बदलतो, म्हणून हे शक्य होते. मात्र हे हस्तांतरण होण्यासाठी बाहेर ४जी किंवा ५जीचा पुरेसा सिग्नल असणे आणि व्होल्टी सुरू असणे आवश्यक असते.

या सेवेला फार वेगवान इंटरनेट लागत नाही. सुस्पष्ट आवाजासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एएमआर-वाइडबँड’ या पद्धतीत आवाजाचा डेटा सेकंदाला २४ किलोबिटपेक्षाही कमी असतो. पत्त्यांची माहिती आणि कूटबद्धतेचा भार धरूनही पाच मिनिटांच्या संभाषणास साधारणपणे ५ मेगाबाइटपेक्षा कमी डेटा पुरतो. वेगापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकानुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास संभाषण सहज वाटते. विलंब त्याहून बराच वाढला किंवा डेटाचे तुकडे वाटेत गळाले, की आवाज तुटू लागतो.

नियमनाची वाटचाल

जगात या कल्पनेचा व्यापारी वापर २००० च्या दशकात सुरू झाला. अमेरिकेत टी-मोबाइल कंपनीने २००७ मध्ये अशी सेवा देशभर उपलब्ध केली, तर २०१४ मध्ये आयफोनमध्ये ही सुविधा आल्यानंतर तिचा प्रसार वेगाने झाला. भारतात मात्र तंत्राइतकाच नियमनाचा प्रश्नही महत्त्वाचा होता.

भारतात इंटरनेट दूरध्वनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून संगणकाशी किंवा भारतातील संगणकावरून परदेशातील दूरध्वनीशी बोलणे शक्य झाले. इंटरनेट सेवा पुरवठादारांना देशांतर्गत दूरध्वनी क्रमांकांशी हे कॉल जोडण्याची मुभा मात्र नव्हती. मोबाइल कंपन्यांच्या परवान्यात इंटरनेट दूरध्वनीचा उल्लेख होता. पण एका कंपनीचा कॉल दुसऱ्याच कंपनीच्या इंटरनेटवरून नेता येईल का, त्यासाठी कोणता क्रमांक वापरावा आणि आकारणी कशी व्हावी, याबाबत स्पष्टता नव्हती.

ट्रायने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी या विषयावर शिफारशी केल्या. सेवेचा स्तर आणि जाळ्याचा स्तर हे परस्परांपासून वेगळे असू शकतात, हे त्यांचे मध्यवर्ती तत्त्व होते. ग्राहकाला इंटरनेट कोणीही पुरवो, परवानाधारक कंपनी त्यावरून आपली दूरध्वनी सेवा देऊ शकेल, असा याचा अर्थ होतो. ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच इंटरनेट दूरध्वनीसाठी वापरता यावा, अशीही शिफारस करण्यात आली. दूरसंचार विभागाने जून २०१८ मध्ये या दिशेने परवान्याच्या अटी स्पष्ट केल्या. जुलै २०१८ मध्ये भारत संचार निगमने ‘विंग्ज’ ही उपयोजनावर आधारित इंटरनेट दूरध्वनी सेवा जाहीर केली. मात्र तिच्यासाठी वेगळे उपयोजन व वेगळे वार्षिक शुल्क आवश्यक होते. फोनच्या डायलरमध्येच सामावलेली वाय-फाय कॉलिंग सेवा तिच्यानंतर आली.

चार सेवा पुरवठादार, चार टप्पे

डिसेंबर २०१९ मध्ये भारती एअरटेलने दिल्ली व राष्ट्रीय राजधानी परिसरात ही सेवा सुरू केली. आरंभी ती कंपनीच्या स्वतःच्या ब्रॉडबँडवर चालत होती. नंतर अन्य कंपन्यांच्या वाय-फायवरही ती खुली झाली. जानेवारी २०२० मध्ये रिलायन्स जिओने देशभर, कोणत्याही वाय-फायवर आणि व्हिडिओ कॉलसह ही सेवा जाहीर केली. जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरुवातीपासूनच केवळ ४जीवर उभारलेले असल्याने तिचा प्रत्येक कॉल मल्टिमीडिया यंत्रणेतूनच जात होता. डिसेंबर २०२० मध्ये व्होडाफोन आयडियाने महाराष्ट्र व गोवा आणि कोलकाता या सेवा क्षेत्रांपासून आरंभ केला. दूरसंचाराच्या नकाशात ‘महाराष्ट्र’ या सेवा क्षेत्रात गोव्याचा समावेश होतो, तर मुंबई हे स्वतंत्र क्षेत्र आहे, ही बाब विद्यार्थ्यांनी येथे लक्षात घ्यावी.

भारत संचार निगमच्या ग्राहकांना अधिक काळ वाट पाहावी लागली. निगमचे स्वदेशी ४जी जाळे विस्तारल्यानंतरच ही सेवा व्यवहार्य ठरली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांच्या हस्ते या जाळ्याचे लोकार्पण झाले आणि जानेवारी २०२६ च्या आरंभी निगमने देशातील सर्व परिमंडळांत वाय-फाय कॉलिंग उपलब्ध केल्याचे जाहीर केले. त्यामुळे देशातील चारही प्रमुख मोबाइल सेवांच्या ग्राहकांसाठी ही सुविधा खुली झाली आहे.

फोनमध्ये सुविधा सुरू करण्याची पद्धत

सेवा पुरवठादार वेगळे असले, तरी सुविधा सुरू करण्याची रीत प्रामुख्याने फोनच्या बनावटीवर अवलंबून असते. त्यासाठी चार बाबींची पूर्वतयारी आवश्यक आहे : फोनचे ते प्रारूप संबंधित कंपनीच्या व्होवायफायला अनुकूल असावे; त्याची प्रणाली अद्ययावत केलेली असावी; सिम ४जी किंवा ५जीचे असावे; आणि सिमवर व्होल्टी सुरू असावे.

१. अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क आणि इंटरनेट’ या भागात जाऊन सिम निवडावे आणि ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करावे.

२. सॅमसंगच्या फोनमध्ये हा पर्याय ‘सेटिंग्ज’मधील ‘कनेक्शन्स’ या भागात असतो. शाओमीच्या फोनमध्ये सिम कार्ड व मोबाइल नेटवर्कच्या भागात सिम निवडल्यावर वाय-फायवरून कॉल करण्याचा पर्याय दिसतो.

३. आयफोनमध्ये ‘सेटिंग्ज’मधील मोबाइल सेवेच्या भागात ‘वाय-फाय कॉलिंग’ उघडून ते त्या फोनवर सुरू करावे.

४. फोनमध्ये दोन सिम असल्यास प्रत्येक सिमसाठी ही कृती स्वतंत्रपणे करावी.

५. वाय-फाय व मोबाइल जाळे यांपैकी कोणाला प्राधान्य द्यावयाचे, असा पर्याय असल्यास आणि घरात सिग्नल येत-जात असल्यास वाय-फायला प्राधान्य द्यावे. अन्यथा फोन क्षीण टॉवरलाच धरून राहतो.

सुविधा सुरू झाल्याची खूण म्हणून फोनच्या वरच्या पट्टीवर वाय-फाय कॉलिंगचे चिन्ह किंवा कंपनीच्या नावापुढे ‘वाय-फाय’ हा शब्द दिसतो. खात्री करण्याची सोपी कसोटी म्हणजे फोन ‘एअरप्लेन मोड’मध्ये टाकावा, नंतर केवळ वाय-फाय सुरू करावे आणि कॉल करून पाहावा. कॉल लागला तर तो टॉवरविनाच लागला, हे सिद्ध होते.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलल्यास नव्या सिमसाठी ही सुविधा पुन्हा सुरू करावी लागते. सुविधेचे अस्तित्व क्रमांकाशी नव्हे, तर सेवा पुरवठादाराच्या यंत्रणेशी बांधलेले असल्याचे हे द्योतक आहे.

अडथळे कोठे येतात?

पर्याय सुरू असूनही सुविधा चालत नाही, अशी तक्रार अनेकदा आढळते. त्यामागे प्रामुख्याने तीन कारणे असतात. पहिले म्हणजे फोनच्या प्रणालीत त्या कंपनीची मांडणी समाविष्ट नसणे. परदेशातून आणलेल्या फोनांमध्ये हे विशेष घडते. दुसरे कारण म्हणजे वाय-फायवरील निर्बंध. सुरक्षित बोगद्यासाठी ‘यूडीपी’ प्रकारची ५०० आणि ४५०० या क्रमांकांची द्वारे खुली असावी लागतात. कार्यालये व वसतिगृहांतील सुरक्षा यंत्रणा ती अनेकदा बंद ठेवतात. तेथे ग्राहकाने फोन बदलून उपयोग होत नाही. जाळ्याच्या व्यवस्थापकाने ती द्वारे उघडावी लागतात. तिसरे कारण म्हणजे राउटरपासूनचे अंतर, एकाच वेळी चाललेला जड डेटावापर किंवा फोनमध्ये सुरू असलेले व्हीपीएन.

यांखेरीज विजेचा प्रश्न आहेच. टॉवरला बॅटरी वा जनित्राचा आधार असतो. घरातील राउटरला तो बहुधा नसतो. वीज गेली की वाय-फाय जाते आणि त्यासोबत संपर्कही तुटतो. ज्या घरात टॉवरचा सिग्नल मुळीच येत नाही, तेथे राउटरसाठी लहान बॅटरीची सोय करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

खर्च, सुरक्षितता आणि ११२

देशांतर्गत वाय-फाय कॉलसाठी सामान्यतः वेगळे शुल्क आकारले जात नाही. ग्राहकाने घेतलेल्या योजनेचेच दर लागू होतात आणि डेटा वाय-फायच्या जोडणीतून खर्च होतो. परदेशातील वाय-फायवरून भारतीय सिम वापरण्याचे नियम मात्र कंपनीनुसार आणि देशानुसार भिन्न आहेत. असे कॉल आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वारातूनच यावेत, असा नियामक दंडक ट्रायने सुचविला होता. परदेशी जाणाऱ्या ग्राहकाने प्रवासापूर्वी आपल्या कंपनीकडून दरांची खातरजमा करून घेणे इष्ट आहे.

सुरक्षिततेबाबत एक भेद समजून घेणे महत्त्वाचे आहे. वाय-फाय कॉलची कूटबद्धता फोनपासून कंपनीच्या प्रवेशद्वारापर्यंत असते. ती एका वापरकर्त्यापासून दुसऱ्या वापरकर्त्यापर्यंत सलग नसते. त्यामुळे हा कॉल साध्या मोबाइल कॉलप्रमाणेच कायदेशीर देखरेखीच्या कक्षेत राहतो. तसेच हे संरक्षण केवळ कॉलपुरते असते. त्याच सार्वजनिक वाय-फायवर उघडलेल्या संकेतस्थळांना ते लागू होत नाही. वाय-फाय कॉलिंग सुरू करून देण्याच्या बहाण्याने दुवा पाठविणाऱ्या वा ओटीपी मागणाऱ्या व्यक्तीपासून सावध राहावे. ही सुविधा फोनमधूनच सुरू होते, त्यासाठी कोणालाही ओटीपी सांगावा लागत नाही. असे संशयास्पद कॉल वा संदेश आल्यास त्यांची माहिती दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरील ‘चक्षू’ या सुविधेत देता येते. प्रत्यक्ष आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे.

सर्वांत गंभीर मर्यादा आपत्कालीन कॉलची आहे. ११२ हा क्रमांक टॉवरमार्गे लावला असता, कोणत्या टॉवरवरून कॉल आला यावरून स्थानाचा अंदाज बांधता येतो. वाय-फायमार्गे आलेल्या कॉलला असा भौगोलिक आधार नसतो. आपत्कालीन सेवेची जोडणी इंटरनेट दूरध्वनीसाठी तूर्त बंधनकारक करू नये, मात्र तिच्या मर्यादा ग्राहकांना सांगाव्यात, अशी भूमिका ट्रायने २०१७ मध्ये घेतली होती. सामान्यतः फोन आपत्कालीन कॉलसाठी प्रथम उपलब्ध मोबाइल जाळेच शोधतो, मग ते अन्य कंपनीचे का असेना. तरीही वाय-फायवरून मदत मागताना गाव, रस्ता व जवळची खूण सर्वप्रथम सांगणे हाच सुरक्षित मार्ग होय.

तंतू पोहोचला, टॉवर नाही

ग्रामीण भारताच्या दृष्टीने या सुविधेचे महत्त्व वेगळे आहे. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. ‘भारतनेट’ या नावाने पुढे गेलेल्या या प्रकल्पातून दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती जोडणीसाठी सज्ज करण्यात आल्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद आहे. दुसरीकडे, मोबाइल जाळ्याबाहेर राहिलेल्या २४,६८० गावांसाठी ४जी सेवेचा २६,३१६ कोटी रुपयांचा प्रकल्प जुलै २०२२ मध्ये मंजूर झाला. जेथे तंतू पोहोचला आहे पण टॉवरचा सिग्नल डोंगरामागे अडतो, तेथे ग्रामपंचायत कार्यालय, शाळा किंवा आरोग्य उपकेंद्रातील वाय-फाय हेच गावाचे दूरध्वनी केंद्र होऊ शकते.

परंतु येथे एक विषमता आहे. २०२४ च्या अखेरीस देशातील सुमारे ९४ कोटी ब्रॉडबँड ग्राहकांपैकी तारयुक्त जोडणी असलेले ग्राहक केवळ ४ कोटींच्या थोडे वर होते. बाकी बहुसंख्य ग्राहकांचे इंटरनेट टॉवरवरूनच येते. टॉवर नसताना त्यांच्याकडे वाय-फायही नसते. म्हणजे वाय-फाय कॉलिंगचा लाभ आज प्रामुख्याने घरात ब्रॉडबँड असलेल्या कुटुंबांना मिळतो. ही दरी सार्वजनिक वाय-फायने भरून काढणे अपेक्षित होते. राष्ट्रीय डिजिटल संपर्क धोरण, २०१८ मध्ये २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. ते मुदतीत साध्य झाले नाही. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेस मान्यता दिली. या योजनेनुसार किराणा दुकानदार किंवा चहाच्या टपरीचा चालकही परवान्याशिवाय व नोंदणी शुल्काविना वाय-फाय सेवा देऊ शकतो.

सार्वजनिक वाय-फायच्या बाबतीत एक विचित्र पेचही उद्भवतो. अनेक ठिकाणी त्यावर प्रवेश मिळविण्यासाठी मोबाइलवर ओटीपी मागविला जातो आणि रेंज नसल्याने तो येतच नाही. ज्या वाय-फायने रेंजची उणीव भरून काढावी, त्याच्या दारातच रेंज मागितली जाते. उपयोजनात एकदाच ओळख नोंदवून पुढे निरनिराळ्या केंद्रांवर प्रवेश देण्याची पीएम-वाणीची पद्धत या पेचावर उपाय ठरू शकते. वाय-फायमार्गे लघुसंदेश स्वीकारण्याची सोयही तितकीच आवश्यक आहे, कारण ग्रामीण नागरिकाला कॉलपेक्षा ओटीपीची निकड अनेकदा अधिक असते. ही सोय कंपनी व फोनच्या प्रारूपानुसार बदलते.

समारोप

वाय-फाय कॉलिंग हा टॉवरला पर्याय नसून त्याचे पूरक साधन आहे. सेवा आणि जाळे वेगळे करता येतात, हे तत्त्व मान्य झाल्यानेच ते भारतात रुजू शकले. मात्र ग्राहकाच्या हातातील एक कळ दाबली म्हणजे संपर्क साधला, असे होत नाही. फोन, सिम, सेवा पुरवठादार, राउटर आणि नियम या पाचही कड्या जुळाव्या लागतात. शहरातील सदनिकेत त्या सहज जुळतात. दुर्गम वस्तीत त्यांतील राउटर ही कडीच बहुधा नसते. ब्रॉडबँडचा तंतू ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत नेऊन न थांबता तो शाळेच्या, उपकेंद्राच्या आणि दुकानाच्या वाय-फायपर्यंत पोहोचविणे व तो अखंड चालू ठेवणे, यावरच या सुविधेचे सार्वत्रिकीकरण अवलंबून आहे.